चौथ्या ओळीआधी

अवालीच्या तेल कंपनीतला साहेब मायदेशी गेला
आणि बंद पडलेला रेकॉर्डप्लेअर माझ्या दुकानात विसरला,
की मुद्दामच टाकून गेला.
सोबत एक खोका. त्यावर धुरकट फोटोतली बाई:
कोरा ट्रास्क, सुरुवातीची ध्वनिमुद्रणं, सहा तबकड्या.
त्याच्याकडून सव्वा दिनार यायचा होता. म्हटलं, फिट्टंफाट.

मुहर्रकच्या गल्लीत माझं दुकान म्हणजे
दोन हात काउंटर, टेबलपंखा, कथलाचा धूर
आणि भिंतीला टेकून बसलेले लोकांचे मुके रेडिओ.
पट्टा बदलला. वेंगुर्ल्याहून आणलेल्या
शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले.
सुई टेकवली.

आधी नुसती मोहरी तडतडली.
मग पियानो, जरा बसका.
मग ती. बाविशीची असेल.
माझं इंग्रजी बिलापुरतं,
शब्द हाती लागले नाहीत,
पण दाराशी कुणीतरी उभं आहे
आणि ती उघडत नाहीये, एवढं कळलं.

एकच गाणं चार वेळा.
पहिल्यांदा ती तालाआधीच शिरते आणि हसते.
दुसऱ्यांदा कुणाची तरी खुर्ची सरकते.
तिसऱ्यांदा सगळं बिनचूक, इस्त्री केल्यासारखं,
म्हणून मला नाही आवडलं.
चौथ्यांदा ती दमलेली आहे,
तालाच्या मागून चालते,
भरली कळशी घेतलेल्या बाईला
कुणी हाक मारून घाई करू नये, तशी.
खोका बनवणाऱ्यांनी काही म्हणून टाकलेलं नाही.
तिच्या खोकल्यालाही नंबर आहे.

संध्याकाळी बू जुमआ आला. रोज येतो,
रेडिओ दुरुस्त झाला का विचारायला,
जो मी मागच्या रमजानातच दुरुस्त करून दिलाय.
मोत्यांच्या होड्यांवर तो नह्हाम होता, गाणारा.
बाकीचे वल्ही ओढायचे, हा सूर.
कर्ज मात्र सगळ्यांवर सारखंच.

तबकडीकडे बघत ऐकलं त्यानं.
म्हणाला, "फिर से."
पुन्हा लावलं. म्हणाला, "ये औरत गोता मारती है."
मग चौथ्या ओळीआधी त्यानं बोट वर केलं:
इथं श्वास घ्यायला हवा, ती घेत नाही,
खालीच राहते, अजून एक शिंपला, अजून एक,
आणि मग –
काउंटरच्या कडेवर त्याची मूठ आवळली,
जणू तिथं दोर होता
आणि तो आत्ता हलला.

मी विचारलं, चाचा, तुमचं काही भरून ठेवलंय कुणी?
होते नव्हते ते तीन दात दाखवून हसला.
बसऱ्याहून एकदा यंत्रवाला आला होता म्हणे,
उन्हाळ्यात. उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर.
त्यानं कहवाखान्यातल्या पोरांना गाऊन घेतलं.

एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर तयार होता.
कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं.
तो गप्प.
म्हणाला, माझ्या आवाजाखाली चाळीस माणसं लागतात,
पोटातून हुंकार देणारी. त्यांच्यावर मी उभा राहतो.
मग काय, मीच सुरू केलं. मी,
ज्याला आमच्या देवळात आरतीलाही
हळू म्हण रे, असं सांगायचे.

कॅसेटवर आहे ते एवढं:
पंख्याची घरघर,
चाळीस जणांच्या जागी माझा एक घसा,
वरून उंच गेलेली त्याची अर्धी ओळ,
तिथंच आलेला खोकला,
आणि सुई उचलायची राहिली म्हणून
शेवटच्या खाचेत फिरत राहिलेली कोरा ट्रास्क,
टिक, टिक.

चिठ्ठीवर लिहिलं: बू जुमआ, वय अठ्ठ्याहत्तर,
सुरुवातीचं ध्वनिमुद्रण, टेक एक.

दुसऱ्या दिवशी रेडिओचं काही विचारलंच नाही त्यानं.
म्हणाला, चाळीस नको, चार तरी आण.
मी कुंजप्पन न्हाव्याशी बोललोय.
बलुची ड्रायव्हर तयार आहे,
पण हुंकार देताना त्याला हसू येतं.