वरचा मजला

खाली दातांचा दवाखाना, वर मी.
जिना एकच, म्हणून चालून जातं.
येताना बायका गालावर पदर दाबतात,
उतरताना पुरुष रुमाल.
गणपती पेठेतून बघणाऱ्याला वाटावं,
सांगलीत सगळ्यांच्याच दाढा दुखतात.

पाटी रंगवणाऱ्या पोरानं
'मनोविकार'चं 'मनोविचार' करून टाकलं होतं.
पुसून देतो म्हणाला, पैसे नकोत.
मी म्हटलं, असू दे.
तेवीस वर्षं झाली. 'चा'चा रंग उडत आलाय,
चूक अजून कुणी दाखवलेली नाही.

शिकले येरवड्याला. इंग्रजीतून.
झोपेचे टप्पे, रसायनांची नावं,
भासांचे प्रकार: कानाचे, डोळ्यांचे, कातडीचे.
पण बसायचं कसं, हे सांगितलं लिंबाजीनं, वॉर्डबॉयनं:
"मॅडम, पेशंटच्या अन् दाराच्या मधी खुर्ची घालू नका.
वाट दिसली की माणूस बसतो.
अन् आधी पायांकडं बघा.
रात्र रात्र चालणाऱ्याची चप्पल एकीकडंच झिजलेली असती."

खरशीकर सरांनी दिलं ते एवढंच:
प्रश्न विचारला की मनात सात मोजायचे.
आधी बोललात, तर उत्तर तुमचं.
पहिल्या वर्षी मी तीनवरच घसरायचे.

मग इथं आले, आणि पहिल्याच दिवशी
जतची सोनाबाई कोळेकर म्हणाली,
"कसंतरीच हुतंय."
कुठं?
"हितं न्हवं. हितं बी न्हवं."
एवढ्या जाड पुस्तकात
'कसंतरीच'ला पान नव्हतं.

आता माझी एक वही आहे.
डोक्यात बेंदूर सुटलाय.
जीव टांगल्यागत.
काळजात कुणीतरी जातं फिरवतंय, रिकामंच.
वखारीतला हमाल, नखांत हळद,
म्हणाला, "पोतं उचलतंय हो. सकाळ उचलंना."
केसपेपरवर मी त्याचा इंग्रजी शब्द लिहिते,
गोळी त्या शब्दाला देते,
आणि लिहिताना दरवेळी
काहीतरी टेबलावर सांडतं.

सगळे बरे होत नाहीत.
पलूसचा एक मुलगा यायचा, गुरुवारी दोनला.
एका गुरुवारी आला नाही.
त्याची फाइल रेहानानं 'बंद'च्या कपाटात लावली,
मी काढून खणात ठेवली.
गुरुवारी दोनला मी अजून कुणाला घेत नाही.
रेहाना बाहेर सांगते, मॅडम जेवतायत.

लग्नाकार्यात मला कुणी ओळखत नाही.
मीही जिलबीकडं बघत पुढं सरकते.
एकदाच, हरिपूरच्या रस्त्याला, एका आजोबांनी
सुनेदेखत हात केला: "ह्या माझ्या डॉक्टर."
"दाताच्या?" सून हळूच म्हणाली.
आजोबांनी कवळी काढून हातावर घेतली, बोळकं पसरून हसले.
"दात हायती कुठं मला?"

काल रात्री नऊला शिरगुप्पे वर आले.
खालचे. दातांचे.
पाण्याची टाकी वाहतीय, म्हणाले.
बरं, म्हटलं. बंद करायला सांगते.
तरी ते बसले, दाराजवळच्या खुर्चीत,
एक हात गालावर.
मी पायांकडं पाहिलं.
"आणि बाकी?"

एक. दोन.
खाली त्यांच्या कंपाउंडरनं शटर ओढलं.
पाच.
सहा.
सात.
पुढं मी मोजायचं सोडून दिलं.
टाकी वाहत होती,
आणि ती दोघांनाही ऐकू येत होती.