वाढल्या म्हणतात

जानेवारीत काच अशी गार पडते
की तोडा उचलावा तर आधी बोटंच जातात.
करंगळी, मग तिच्या शेजारचं,
पांढरी, खडूसारखी, दुसऱ्या कुणाची असल्यागत.
मग दौतीत बुडवल्यासारखी निळी.
मग रक्त परत येतं
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, दार बडवत.

मंडईमागे सत्तावीस वर्षं दुकान.
गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला की
न बघता माप सांगते: दोन-चार, दोन-सहा.
अंगठा आत दुमडायचा, सांधा मऊ करायचा,
बोलत राहायचं, सुनेचं, गॅसचं, कशाचंही,
की बोलता बोलता बांगडी मनगटावर.
परवा एक बाई दचकली.
"अहो, हात फ्रिजमध्ये ठेवता का?"

तळहातावर लाल ठिपके, ओठांवरही.
दाबले की जातात, सोडले की येतात.
"मेंदी उरलीय वाटतं," दोशींची सून म्हणाली.
मी हो म्हटलं. धंद्यात हो म्हणावं.
तर्जनीच्या टोकाला मात्र खळगा,
उंदराने कुरतडलेल्या साबणासारखा,
दोन महिने झाले, भरायचं नाव नाही.
त्याला कोण मेंदी म्हणणार.

ससूनला केसपेपर, मग बाकडं, मग पुन्हा बाकडं.
डॉक्टर मुजावर माझ्या मुलीहून लहान.
नखाच्या मुळाशी तिनं तेलाचा एक थेंब ठेवला,
वर भिंग धरलं, पडद्याकडे मान केली.
"मावशी, या तुमच्या केशवाहिन्या.
चांगल्या असल्या की ओळीनं दिसतात, एकसारख्या,
वाकवलेल्या तारेसारख्या."
मी पाहिलं,
तर माझंच शोकेस.
लाल काचेच्या, दांडीला लावलेल्या,
आणि कुणा पोरानं सगळी मापं मिसळून ठेवलेली,
दोन-दोनच्या शेजारी दोन-बारा,
मध्येच रिकामी दांडी,
एका कडेला रंग सांडलेला.

"या वाढल्यात," ती म्हणाली, थोराड आकड्यांवर पेन टेकवून.
मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.
आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.
सासूबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलेलं,
वाढली म्हणायचं,
तळव्यात रुतलेली काच काढतानासुद्धा.
"आणि इथे तर नाहीतच. गेल्या."
तो शब्द मात्र आमच्याकडेही तसाच आहे.

आजाराचं नाव लांबलचक, ते कागदावर आहे.
गोळ्या दिल्यात. गार पाण्यात हात नको.
मिश्री आजपासून बंद, हे ऐकून
मी पहिल्यांदा रडले.
माझ्या हातातल्या चार हिरव्या आता निघत नाहीत,
बोटं दुमडतच नाहीत.
गावभरचे हात दुमडले मी.

हातमोजे घाला म्हणाली, दुकानातही.
लोकरीचे टोचतात, म्हणून ते लांब, पांढरे आणले,
कोपराच्या वर जाणारे, स्कूटीवाल्या पोरींचे.
मला सायकलसुद्धा येत नाही.
समोरच्या कापडवाल्या ओसवालांनी विचारलंच,
"वेळापुरे वहिनी, गाडी कधी घेतली?"

आज अकराला एक आली, स्कार्फमधून डोळे तेवढे बाहेर.
हेल्मेट अर्थातच नाही.
"हिरव्या दाखवा काकू, रिसेप्शन आहे, घाई आहे."
तिनं हातमोजे ओढून काउंटरवर टाकले.
मी ओंजळीत तोंडाची वाफ सोडली, दोनदा,
मग माझे काढले.
पांढऱ्या दोन जोड्या, शेजारी शेजारी,
कुठली कुणाची कळू नये अशा.

दोन-सहा, लांबूनच सांगितलं.
हात धरला तेव्हा
"केवढा गार," ती म्हणाली,
आणि अंगठा स्वतःच आत दुमडला.