बुधवारी फक्त बाटल्या

शिक्षकखोलीत माझं टेबल प्रिंटरला लागून.
कागद अडकला की सगळे आधी माझ्याकडे बघतात.
एरवी वर्गात उभा राहून मी म्हणतो, लाइट, राइट,
चौतीस मुलं तेच म्हणतात, एकच शब्द दोनदा,
आणि ओगासावाराबाई मान हलवतात : पुढे.
टेपरेकॉर्डरचा पगार तसा बरा आहे.

बुधवारी माझा कचरा परत आला.
दारात पिशवी, गाठ मारलेली,
वर चिठ्ठी. तीन ओळी, सुबक अक्षर,
त्यातला मला एक आकडा वाचता आला.
तळमजल्यावरच्या तोमेबाईच असणार.
दोन दिवस ती खिशात घेऊन हिंडलो,
प्रेमपत्रही इतकं जपलं नसतं.

शेवटी बुटांच्या कपाटापाशी होताका सापडला,
वर्षभरात माझ्या तासाला ज्यानं
साधं "येस" म्हटलं नाही, तो.
वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.
मग तांदळातले खडे वेचावेत तसे
एकेक शब्द वेचत :
"वेन्सडे... ओन्ली बॉटल.
कॅप... अनदर डे."
थांबला. शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला,
"प्ळीज."

र नव्हता तो. ल तर नव्हताच.
वर्षभर मी पुसत होतो, तो हा,
माझ्या आईच्या हाकेतला.

सुधारलं नाही मी. थँक्यू म्हटलं,
तो बूट हातात घेऊनच पळाला.

रात्री नळाखाली बाटली विसळली,
झाकण वेगळं ठेवलं.