डुकरीण कोण होणार?

वादळ गेल्याच्या सोळाव्या दिवशी
मदतीच्या नूडल्सचे रिकामे खोके गोळा करून
टीचर फे हिनं बालवाडी उघडली.
छप्पर नव्हतं, निळी ताडपत्री होती.
तिच्यातून झिरपणाऱ्या उजेडात
मुलं पाण्याखाली बसल्यासारखी दिसायची.

माझा जुनेल, साडेचार वर्षांचा.
त्यानं एक खोका पालथा घातला, म्हणाला, हे घर.
आत बाटल्यांची झाकणं: आई, मी, धाकटी रोझविन.
बाहेर एक चप्पल,
टेबलाच्या पायाला अबाकाच्या दोरानं बांधलेली,
ज्या दोरावर आमचं सगळं कातांदुआनेस जगतं.
ती मारिकीत. आमची डुकरीण.
मग गाल फुगवून फुंकर, मग लाथ.
खोका उडाला, झाकणं घरंगळली,
चप्पल तिथंच.
"मेली," तो म्हणाला
आणि पुन्हा मांडू लागला.

दुसऱ्या दिवशी मेली. तिसऱ्या दिवशी दोनदा.
आठवडाभर ती चप्पल मरत राहिली.

मी तिथं मदतनीस. भात वाढते, नाकं पुसते.
म्हटलं, टीचर, बंद करा हा खेळ,
रोज खपली निघतेय पोराची.
फे ओल्या डब्यात कोरडा खडू शोधत होती.
तिचंही घर गेलेलं, पण ती ते बोलत नाही.
म्हणाली, खपली नाही गं, गाठ आहे.
चाचपतोय तो, टोक कुठं आहे ते.

मग तिनं मुलांना विचारलं, वारा कसा वाजत होता?
ट्रकसारखा.
सगळी भांडी एकदम.
माझ्या बाबांसारखा, ते पिऊन येतात तेव्हा.
तसाच वाजवा, ती म्हणाली.
एक बोट वर: कुजबुज.
तीन बोटं: टाळ्या, झाकणं, पत्र्याचे तुकडे.
पाच: घसा फुटेपर्यंत.
आणि मूठ मिटली की गप्प.
एवढं बेट उलथवणारं वादळ,
एका बाईच्या मुठीत!
दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला मूठ व्हायचं होतं.

जुनेलला नव्हतं.
त्यानं विचारलं, डुकरीण कोण होणार?
कुणीच पुढं येईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मनगटाला दोर बांधला, दुहेरी गाठ,
मीच शिकवलेली.

चार बोटं. पाच.
मुलं गरजू लागली आणि मला ती रात्र ऐकू आली:
मारिकीतला सोडू या ना, आई.
राहू दे, वेळ नाही.
दंडाला धरून ओढलं होतं मी त्याला.
त्यानंतर हा विषय त्यानं एकदाही काढला नव्हता.

खोक्यातून तो रांगत बाहेर आला,
भर वादळात.
"घाबरू नको," मला म्हणाला.
गाठ सुटेना. नखं इवलीशी, दोर ओला.
माझा दुसरा हात मोकळा होता,
तो मी मांडीखाली दाबून ठेवला.
मुलं दमली, कुणी खोकायला लागलं,
फेची पाच बोटं तशीच वर, थरथरत.
शेवटी त्यानं दात लावले.
"पळ!"

आणि मी, कंबरदुखी, दोन मुलांची आई,
हातापायांवर धावले,
उन्मळलेल्या माडापर्यंत,
घशातून डुकरासारखा आवाज काढत.
वादळ पोट धरधरून हसत होतं.
मी का रडतेय
ते कुणी विचारलं नाही.

काल रेडिओवर पुन्हा सिग्नल नंबर दोन.
पिशवीत कपडे, रेशनकार्ड, मेणबत्त्या भरताना
तो म्हणाला, आई, दोर आधी सोडायचे ना?
आमच्याकडं आता बांधलेलं काही उरलेलं नाही.
हो, म्हटलं, आधी.
आणि रोझविनला कडेवर घेऊन
शेजारच्यांच्या शेळ्या सोडायला निघालो.
त्यातली एक जागची हलेचना.
जुनेल तिला गुरगुरून दाखवत होता
वारा कसा येतो ते.