आरसा नसलेला

टार्टूच्या दुकानात काउपोनं तो माझ्या तळहातावर ठेवला,
म्हणाला, यात आरसा नाही.
मी पियानो जुळवणारा माणूस. विचारलं,
मग बघायचं कशात?

दोन हिवाळ्यांची कमाई गेली. सव्वीस पियानो,
त्यातला एक शाळेतला, उंदरांनी नमदा कुरतडलेला.
एवढ्या पैशांत एवढीशी वस्तू:
आत फिल्मच्या चौकटीएवढा पुरता सेन्सर
आणि बाहेर धरायला जागा नाही.
तीन बोटं कशीबशी बसतात,
करंगळी खाली लोंबत राहते
लग्नात बोलवायचं राहून गेलेल्या चुलत्यासारखी.

मोठी लेन्स लावली की टेबलावर
तोंडघशी पडतो.
म्हणून चाळीसची एकच, बिस्किटाएवढी.
कोटाच्या उजव्या खिशात कॅमेरा, डाव्यात नादकाटा.
उर्वे म्हणते, या वयात खेळणं.
बहीण आहे, म्हणणारच.

फेब्रुवारीत विल्यांदीच्या गोठल्या तळ्यावर गेलो.
शून्याखाली अठरा.
बर्फाला भोक पाडून मासे धरणारे तिघे,
त्यांच्या बादल्या, एकाचा थर्मास,
पंचेचाळीस फोटोंत बॅटरीनं मान टाकली.
दुसरी शोधत मी सगळे खिसे उलटे केले,
पिशवी बर्फावर ओतली, त्या तिघांनाही उठवलं,
आणि ती होती माझ्या काखेत,
ऊब मिळावी म्हणून मीच ठेवलेली.
ते पोट धरून हसले. मासे पळाले असतील.

आवाज बंद केला की हा खरोखरच गप्प बसतो.
आयुष्यभर मी कानावर पोट भरलं,
आता फोटो निघाला की नाही तेच कळेना.
यादीत शोधून आवाज चालू केला तर तो खोटा,
कुणीतरी कुठंतरी बनवून आत भरलेला,
आणि वर किंचित चढा.
पुन्हा बंद केला.

मग मार्चमध्ये हेल्वेचा पियानो.
नऊ वर्षं कुणी हात लावला नव्हता.
मधल्या सप्तकात तीन तारा तीन दिशांना.
दुपारी काळ्या पावाबरोबर हेरिंग खाल्ली, आणि म्हटलं,
बसा, तुमचा एक काढतो.

हा डोळे ओळखतो. माणसाच्या डोळ्यावर
छोटा चौकोन आपणहून जाऊन बसतो,
काउपोनं तेवढ्यासाठी तर विकला.
चौकोन हेल्वेच्या जाड चष्म्यापाशी घुटमळला,
काचेवर दिव्याची तिरीप होती,
आणि सरकत गेला मागे, भिंतीवर,
एंडेलच्या डाव्या डोळ्यावर.
मी परत आणला. तो परत गेला.
तिसऱ्यांदा मला घाम फुटला.

काय झालं, ती म्हणाली.
पडदा तिच्याकडं फिरवून दाखवला.
तिनं चष्मा वर केला, वाकून पाहिलं,
अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याभोवती
हिरवी चौकट, टक्क जागी.

फोटोत कायम पुढं पुढं करायचा, ती म्हणाली.
काढ त्याचाच. मी हलत नाही.

काढला. कसलाही आवाज झाला नाही.
चुलीत लाकूड तेवढं तडकलं.
एंडेलच्या मिशीचा केस न् केस,
आणि पुढं हेल्वे, लोण्यासारखी मऊ,
कान कुठं संपतो, केस कुठं सुरू होतात सांगता येऊ नये अशी.
मागचं पुसट करण्याबद्दल लोक या सेन्सरची तारीफ करतात.
यानं जिवंत माणूस पुसट केलं.

वर भिंतीवर एक ठिपका. धूळ आहे, आतली.
मध्ये आरसा नाही तर ती सरळ आत जाऊन बसते.
आता तळ्याच्या आभाळातही तो तिथंच असतो.
छोटी फुंकणी आणलीय. ड्रॉवरमध्ये आहे.

काल हेल्वेचा फोन आला. पियानो चांगला लागलाय,
फक्त शेजारीण म्हणते जरा जास्तच चांगला.
आणि तो फोटो छापून दे.
केवढा, मी विचारलं, हवा तेवढा मोठा होईल,
एवढ्याशा डबीत तेवढं मावतं.
मोठा नको, त्या भिंतीवरच्या चौकटीत बसेल असा.

ती चौकट उभी आहे, हा आडवा,
कापावा लागेल, मी म्हणालो.

माझ्या बाजूनं काप.

कात्री घेऊन बसलोय. उर्वे चहा ठेवून गेली.
तोही निवला.