मंगळवारचं ऑफिस

मंगळवार आमचा.
सालोमीबाई रेडेकर, शांतवन होसमनी आणि मी.
तिघांचं मिळून वय दोनशे एकवीस.
हिशेब शांतवनचा, तो खानापूर डेपोत कॅशियर होता.

दहाला कुलूप उघडायचं.
किल्ली आधी खोबरेलाच्या बाटलीत बुडवायची,
मग उलटी फिरवायची, मग दाराला गुडघा द्यायचा.
ज्याचा गुडघा त्या आठवड्यात बरा असेल, त्याचा.

पगार नाही. चहा आहे.
सालोमीबाई दवाखान्यातल्या सवयीनं
अजून घड्याळ पदराला उलटं टाचते
आणि आमच्या गोळ्यांची वेळ झाली की
नुसतं त्याच्याकडे बघते. आम्ही गिळतो.

मी चौतीस वर्षं पोस्टात.
अक्षर लावायचं काम माझं.
जुन्या पाळकांचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या,
तरी लागतं. बेळगावात घरनंबर नसलेली पत्रं पोचवलीत मी,
मेलेल्यांची नावं काय अवघड?

आज कित्तूरकडचा एक पोरगा आला. हेल्मेट हातात,
बसायलाच तयार नाही.
आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे, घर नावावर करायचंय.
आधारवर कन्नडात रुतव्वा, रेशनकार्डावर रूथाबाई,
आमच्या एकोणीसशे एक्कावन्नच्या वहीत मराठीत:
‘रूथ, रखमाची मुलगी.’
बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

“बापाचं काय लिहू?” मी विचारलं.
“रेघ आहे तर रेघ लिही की ओ,” शांतवन म्हणाला.
“रेघ बघितली की तहसीलदार घेईल होय?” सालोमीबाई.
पोरगा वहीवर वाकला.
त्याला मराठी वाचता येत नव्हतं,
तरी बोट बरोबर त्या रेघेवर ठेवलं त्यानं.
“आजीनं कधी सांगितलं नाही,” म्हणाला,
आणि मग बसला.

फॉर्म कन्नड, वही मराठी, शिक्का इंग्रजी.
बाहेर पाट्यांवरून दगड पडले त्या आठवड्यातही
इथे तिघी एकाच कागदावर
मांडीला मांडी लावून बसायच्या,
शाई एकमेकींत उतरायची.

शेवटी रखमाचंच नाव दोनदा लिहिलं.
पाळकसाहेब रागावतील. रागावू देत.

दाखला वाळेपर्यंत मी दफनाची वही चाळत बसलो,
कारण नव्हतं, हाताला सवय.
दोन हजार एकोणीस, नोंद चौदावी.
अक्षर सालोमीबाईचं, गोल, ताप मांडायच्या तक्त्यावरचं.
मयत: विल्सन रेडेकर.
नातेवाईक: सालोमी रेडेकर, पत्नी.
नोंद करणार: सालोमी रेडेकर.
खाली पट्टीनं ओढलेली सरळ रेघ.

मला आठवलं,
तेव्हा मी मुलीकडे हुबळीला होतो, शांतवनचा मोतीबिंदू.
तिनं पाहिलं मी काय पाहतोय ते.
“मंगळवार होता,” म्हणाली,
“दुसरं कोण लिहिणार?”
आणि कप विसळायला गेली.
नळ बराच वेळ चालू होता,
पण कप तीनच होते.

पोरगा गेला. जाताना प्रत्येकाच्या पाया पडला,
शांतवनच्या दोनदा, चुकून.
कुंद्याची पुडी टेबलावर ठेवून गेला,
ती शांतवनला चालत नाही
म्हणून त्यानं अर्धीच खाल्ली.

चारला आवरताना
बोटांवरचा खवा रुमालाला पुसत तो म्हणाला,
“दफनाच्या वहीत एकेचाळीस पानं उरलीत.
पानाला सहा. पुरतील आपल्याला.”
मी हसलो. सालोमीबाई हसली नाही,
पदरावरचं घड्याळ सरळ केलं
आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
“नवी मागवून ठेवा तरी.
पोस्टानं यायला किती दिवस लागतात
तुम्हाला माहीतच आहे.”

मग दाराला गुडघा.
आज माझा.