पडदा

साखरपुड्याचा फोटो काढला तेव्हा
मेनरोडच्या स्टुडिओत मागे पडदा होता:
निळं तळं, बर्फाचे डोंगर, एक हंस.
हंसाच्या मानेवर घडीची रेघ.

आज सातपूरच्या कंपनीला सुट्टी.
घोटीला उतरून भत्ता घेतला, मग जीपने वैतरणेला.
पाणी निळं नाही,
घासून पालथ्या घातलेल्या ताटाच्या रंगाचं.
हंस नाही. एक बगळा,
तोही पाठमोरा.

"तिथं उभी राहा," दिगंबर म्हणाला.
राहिले.
खांदा आपोआप तिरका झाला,
बावीस वर्षांपूर्वी
स्टुडिओवाल्याने धरून केला होता तसा.

तेवढ्यात वारा आला
आणि मागचं अख्खं तळं हललं.

भत्त्याचा कागद उडाला,
दिगंबर त्याच्यामागे धावला, चप्पल तिथेच टाकून.
फोटो राहूनच गेला.
परतीची जीप पाचला.